नानांच्या बारा कळा

नानांच्या बोलण्यात डावं-उजवं हे शब्दच नव्हते. त्यांच्या दिशा चार: खाडीकडं, डोंगराकडं, तळोज्याकडं आणि पळस्प्याकडं. नवीन पनवेलमधल्या आमच्या ऑफिसात दिवसभर पडदे ओढलेले असायचे, एसी चालू असायचा, बाहेर ऊन आहे की मळभ तेही कळायचं नाही. पण नाना माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे आणि स्क्रीनकडे बोट करून म्हणायचे, ‘‘बाय, ही भिंत अर्धा फूट खाडीकडं घे. आन दार पळस्प्याच्या अंगाला उघडू दे.’’

पहिले दोन महिने मी मनातल्या मनात अख्खं पनवेल फिरवत बसायची. एकदा वैतागून म्हटलं, ‘‘नाना, सरळ डावीकडे म्हणा ना.’’

‘‘कुनाच्या डावीकडं? तुज्या का भिंतीच्या?’’

नानांचे बरेच प्रश्न असेच असायचे. माझा त्यांच्यावरचा राग तिथूनच सुरू झाला असावा. राग म्हणते आहे, पण खरा शब्द वेगळा आहे. तो मी पुढे सांगणारच आहे, तर आत्ताच सांगून टाकते. मला नानांचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही. सकाळी ऑफिसचा जिना चढताना वरून त्यांचा आवाज ऐकू आला की मी मधल्याच पायरीवर रेंगाळायची.

आता यात हेवा करण्यासारखं काय होतं? मी आर्किटेक्ट. साताऱ्याहून पुण्याला जाऊन पाच वर्षांची पदवी घेतलेली, वर्गात दुसरी आलेली. नाना ड्राफ्ट्समन, म्हणजे आम्ही कल्पना करायची आणि त्यांनी रेघा मारायच्या. सुकापूरच्या पलीकडच्या एका गावातले, बारावी नापास, साठीला टेकलेले. तरुणपणी ड्रॉइंग बोर्डवर शाई-पेनने नकाशे काढत, मग संगणक आला तेव्हा तोही शिकले. ऑफिस मॅडमचं. मॅडमच्या वडिलांच्या वेळेपासून नाना तिथे होते, त्यामुळे मॅडमना लहानपणी त्यांनी खांद्यावर बसवलेलं. मला ‘तू’ म्हणायचे तसंच मॅडमनाही कधीकधी चुकून ‘तू’ म्हणून जायचे, आणि मॅडमना ते आवडायचं.

शर्टाच्या खिशात त्यांचा एक पिवळट पडलेला, काटकोन मारायचा प्लॅस्टिकचा त्रिकोणी गुण्या असायचा. संगणकावर गुण्याचं काय काम? पण ते तो बाळगायचे. फोनवर बोलताना त्याने पाठ खाजवायचे. साइटवर जाताना वेगळ्या चपला, ऑफिसात वेगळ्या. कुठल्याही खोलीत शिरले की आधी चालून बघायचे, आणि टेप न लावता सांगायचे, ‘‘अकरा फूट चार इंच.’’ मी दोनदा चोरून टेप लावली. दोन्ही वेळा बरोबर निघालं. तिसऱ्यांदा लावली नाही.

आणि लोक! घर बांधायला येणारा प्रत्येक जण माझ्याशी पाच मिनिटं बोलून विचारायचा, ‘‘नाना नाहीत का?’’ कारण नाना त्यांना एक प्रश्न विचारायचे, जो मला पाच वर्षांत कुणी शिकवला नव्हता. मी विचारायची, किती खोल्या हव्यात, बजेट किती, बाल्कनी हवी का. नाना विचारायचे, ‘‘घरात सगल्यात म्हातारं कोन? त्याची खाट कुठं? रातचं उठलं तर मोरीपर्यंत पावलं किती?’’ समोरच्या माणसाचा चेहराच बदलायचा, आणि त्यानंतर तो फक्त नानांकडे बघून बोलायचा. माझ्या नकाशात म्हाताऱ्यांची पावलं कधी मोजलेली नसायची. दुसऱ्या दिवसापासून मीही तोच प्रश्न विचारायला लागले. माझ्या तोंडी तो पाठ केल्यासारखा वाटायचा. कुणाचाच चेहरा बदलायचा नाही.

नानांचं काम बघण्यासारखं होतं. उजवा हात माउसवर आणि डावा कीबोर्डच्या सर्वांत वरच्या ओळीवर, एफ-वन ते एफ-ट्वेल्व्ह, त्या बारा कळांवर. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या प्रत्येक कळीचं एक काम असतं. एफ-एट दाबली की रेघ वाकडी जातच नाही, सरळच पडते. एफ-थ्री दाबली की नवी रेघ जुन्या रेघेच्या टोकाला नेमकी जाऊन चिकटते. नानांनी त्यांना नावं ठेवली होती. एफ-एट म्हणजे सरळ्या, एफ-थ्री म्हणजे चिकट्या, एफ-सेव्हन म्हणजे जाळी. काम करताना पुटपुटायचे, ‘‘चल चिकट्या, धर... आता सरळ्या, तू जा.’’ खाली न बघता बोटं चालायची, एखाद्या म्हाताऱ्या भजनी बुवाची पेटीवर चालावी तशी. मी मेनू उघडून, बटण शोधून, क्लिक करून जे एका मिनिटात करायची, ते ते श्वास घेईपर्यंत करून मोकळे.

मग मॅडमनी ऑफिस नवं केलं. भिंती पांढऱ्या केल्या, दारात बांबू लावले आणि सगळीकडे मॅक आणले. दिसायला देखणे. पण आमचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर विंडोजचं, पालिकेकडे नकाशे तपासायला द्यायचा प्रोग्रॅमही विंडोजवरच चालणारा. म्हणून त्या मॅकच्या आत एक विंडोज बसवलं. एकाच यंत्रात दोन संसार. खिडकी उघडली की आत विंडोज, मिटली की बाहेर मॅक.

मला काही अडलं नाही. अडलं नानांना. मॅकवर त्याच वरच्या कळांची कामं वेगळी आहेत. पहिल्याच सकाळी नानांनी रेघ सरळ करायला एफ-एट दाबली आणि ऑफिसभर गाणं सुरू झालं. मॅकवर ती गाणं चालू-बंद करायची कळ. दचकून त्यांनी एफ-थ्री दाबली, तर समोरच्या सगळ्या खिडक्या आकसून स्क्रीनभर पांगल्या, कोंबड्यांच्या खुराड्यात कुत्रं शिरावं तशा. सगळे हसले. मीही हसले, आणि माझं हसू इतरांपेक्षा जरा लांबलं.

मी उठून गेले. ‘‘नाना, सोपं आहे. खाली कोपऱ्यात एफएन लिहिलेली कळ आहे, ती धरून ठेवायची आणि मग एफ-एट.’’

नानांनी डाव्या हाताकडे बघितलं. ‘‘धरून ठेवायला एक बोट, दाबायला एक. मंग बाकीची कळ कोन दाबंल? तुजी आई?’’

मला वाटलं, आता हे थकतील. चार-सहा महिन्यांत घरी बसतील. मी त्या दिवसांत रोज पेइंग गेस्टच्या खोलीवर, जेवणाच्या टेबलावर बोटं आपटून बारा कळांचा सराव करत होते. खोटं कशाला बोलू, ती जागा मला हवी होती. खुर्ची नव्हे, त्या खुर्चीतल्या माणसाकडे लोक ज्या नजरेने बघायचे ती नजर.

नाना आठवडाभर काम सोडून त्या कीबोर्डशी बसले. एकेक कळ दाबायचे, काय होतं बघायचे, लिहायचे. मॅकची सेटिंग उघडली, तिथे एक खूण केली की कळा जुन्यासारख्या वागतात हे त्यांना सापडलं. पण मग बाहेरच्या मॅकवर आवाज कमी-जास्त करायच्या कळा बंद. मॅडमनी तक्रार केली. नानांनी खूण काढली, पुन्हा शोधायला लागले. पाचव्या दिवशी त्यांना ते मिळालं. विंडोज ज्या प्रोग्रॅममध्ये चालतं, त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये एक जागा होती: वरच्या कळा कुणाला द्यायच्या? तीन पर्याय. त्यातला एक निवडला की विंडोजची खिडकी समोर असेल तोवर कळा विंडोजच्या, ती मिटली की मॅकच्या. काही धरून ठेवायला नको, काही आठवायला नको.

‘‘कळ चुकत नाय, बाय,’’ ते मला म्हणाले, ‘‘घर चुकतं. सून म्हायेरी गेली की लेक, सासरी आली की सून. बाई तीच. तिला फकस्त कललं पायजे, आत्ता उंबऱ्याच्या कुठल्या बाजूला हाय.’’

मग त्यांनी एका मोठ्या कागदावर शाईने तो अख्खा कीबोर्ड काढला, खऱ्या मापाचा. प्रत्येक कळीवर निळ्या अक्षरात मॅकचं काम, तांबड्या अक्षरात विंडोजचं. अक्षर असं की छापल्यासारखं. मॅडमनी तो कागद फ्रेम करून मीटिंगच्या खोलीत लावला. माझ्या पदवीच्या प्रकल्पाचं ड्रॉइंग, ज्याला कॉलेजात बक्षीस होतं, ते त्याच खोलीतल्या कपाटात गुंडाळून पडलेलं होतं. फ्रेमवाला आला त्या दिवशी मी डोकं दुखतंय म्हणून लवकर निघाले.

त्यानंतर तर नाना त्या इमारतीचे वैद्यच झाले. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर, समोरचे वकील, ज्याच्या यंत्रात दोन संसार तो वर यायचा. ‘‘नाना, जरा आमच्या कळा बघता का?’’ नाना गुण्याने पाठ खाजवत जायचे. मी संगणकावर वाढलेली मुलगी, मला कुणी बोलावलं नाही.

आता तो दिवस.

एका कुटुंबाचं घर होतं, तीन भाऊ आणि त्यांची आई. जुनं घर पाडून दोन मजली नवं बांधायचं. मॅडमनी पहिल्यांदाच एक काम पूर्ण माझ्याकडे दिलं होतं. मी तीन महिने त्यावर घातले. शेवटच्या मीटिंगला सगळे येणार, मोठ्या टीव्हीवर नकाशा दाखवायचा, ते सुचवतील ते बदल तिथल्या तिथे करायचे. आदल्या दिवशी थोरल्या भावाचा फोन आला. मॅडम त्याच्याशी बोलल्या आणि माझ्याकडे वळून सहज म्हणाल्या, ‘‘उद्या मशीनवर नाना बसतील. त्यांना नाना हवेत. तू बोल, ते करतील.’’

सकाळी मी लवकर गेले. नानांचं यंत्र मीटिंगच्या खोलीत नेऊन टीव्हीला वायर लावायची होती. वायर लावली. खोलीत कुणी नव्हतं. मी ती सेटिंग उघडली, कळा कुणाला द्यायच्या, आणि पर्याय बदलला. एक क्लिक. मग खिडकी मिटली आणि पाणी प्यायला बाहेर गेले. मला वाटलं होतं, सगळे पहिल्या दिवसासारखे हसतील. नाना जरा ओशाळतील आणि मी पुढे होईन. एवढंच.

मीटिंग चांगली चालली होती. नानांनी त्यांचा प्रश्न विचारला, खाट कुठं. भावांची आई तोवर नुसती नकाशा बघत होती. ती बोलायला लागली. तिचा नवरा पाचच आठवड्यांपूर्वी गेला होता. ‘‘त्यांची खाट हितं व्हती,’’ टीव्हीवरच्या नकाशाकडे बोट करून ती म्हणाली, ‘‘या भिंतीला. शेवटच्या दिसांत भिंतीवर हात ठेवून झोपायचे. थंड लागती म्हनायचे. ती भिंत ठेवता येल का, नाना?’’

‘‘ठेवू ना, वयनी. तिथंच ठेवू,’’ नाना म्हणाले आणि रेघ सरळ मारायला त्यांनी एफ-एट दाबली.

टीव्हीचा आवाज मोठा होता. कुठलं तरी नाचाचं इंग्रजी गाणं, ढोल बडवल्यासारखं, त्या बाईच्या अंगावर आदळलं. ती दचकून मागे सरकली. नानांनी गडबडीने आणखी एक कळ दाबली, सगळ्या खिडक्या पांगल्या, नकाशा नाहीसा झाला, गाणं चालूच. ते एकामागून एक कळा दाबत गेले. शेवटी मॅडमनी टीव्हीची वायर ओढली.

कुणी हसलं नाही. बाईने पदर तोंडाला लावला होता. नाना उठून उभे राहिले, तिला हात जोडले आणि खोलीबाहेर गेले. मी त्यांच्या खुर्चीत बसले, नकाशा उघडला, ती भिंत होती तिथेच आखली. मीटिंग मी पूर्ण केली. बदल मी केले. भाऊ जाताना मला ‘‘थँक यू मॅडम’’ म्हणाले.

दुपारी नाना आपल्या यंत्रावर ती सेटिंग उघडून बसले होते. मी जवळून गेले तर हाक मारली. ‘‘बाय, हे बदललंय. दुसऱ्या पर्यायावर हाय. तुजा हात लागला नाय ना चुकून?’’

त्यांनी ‘चुकून’ म्हणून मला वाट करून दिली होती. मी नुसतं ‘लागला असेल’ म्हटलं असतं तरी चाललं असतं.

‘‘नाही नाना. मी फक्त वायर लावली.’’

त्यांनी लगेच मान हलवली. विश्वास ठेवला. मग स्क्रीनकडे बघत, माझ्याशी नाही, स्वतःशीच म्हणाले, ‘‘म्हंजे मीच बदललंय. कवा बदललं? आटवतच नाय.’’ आणि थोड्या वेळाने, ‘‘आमच्या बाबाचं असंच सुरू झालं. आधी वस्तू इसरला. मंग वाटा. मंग आमाला.’’

महिनाअखेरीला नाना ऑफिस सोडून गेले. मॅडमनी पुष्कळ समजावलं. ‘‘एकदा झालं, होतं असं,’’ त्या म्हणाल्या. नाना म्हणाले, ‘‘आज गानं वाजलं. उद्या एकाद्या कॉलमचं माप इसरलो तं घर पडंल.’’ निरोपाला केक आणला होता. सगळ्यांच्या आग्रहाने नानांनी मला पहिला घास भरवला.

त्यांची खुर्ची मला मिळाली. लोक तरीही विचारत, ‘‘नाना नाहीत का?’’ मी सांगायची, ‘‘नाहीत.’’ सांगताना आधी बरं वाटायचं, मग वाटेनासं झालं. हेवा मात्र गेला नाही. समोर माणूस नसला तर हेवा कमी होईल असं वाटलं होतं, तो आणखी पसरला. मी मारलेली प्रत्येक रेघ नानांनी मारली असती तर कशी पडली असती, तेच मनात.

दहा महिन्यांनी त्या तीन भावांचं घर उभं राहिलं. वास्तुशांतीला मला मानाने बोलावलं. त्या बाईने मला ती भिंत दाखवली, तिच्यावर हात ठेवून. मग म्हणाली, ‘‘नाना काय आले नाय. बोलावलं व्हतं. घराभायेर पडत नाय आता. डोकं चालत नाय म्हनतो. नातीला शालंत सोडायचा-आनायचा, तेबी बंद केलं. वाटंत पोरीला इसरून आलो तं, म्हनतो.’’

ताटात पुरणपोळी होती. मी ती खाल्ली की टाकली, मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले, दार लावलं आणि सगळं सांगितलं. मॅडम बराच वेळ टेबलावरचं पेन इकडून तिकडे करत राहिल्या. मला वाटलं, काढून टाकतील. त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘मला कशाला सांगतेस? विसरायला लागलो म्हणून घरात बसलेत ते, मी नाही. जा, त्यांना सांग.’’

नानांचं घर गावाच्या टोकाला होतं. बैठं, पुढे ओटा. आत शिरले आणि पहिल्यांदा दिसल्या त्या चिठ्ठ्या. भिंतीभर, त्या छापल्यासारख्या अक्षरात. बटणाखाली ‘पंखा’, ‘ट्यूब’. दाराला ‘कडी लावली का?’ स्वयंपाकघराच्या चौकटीवर ‘गॅस बंद’. देव्हाऱ्याशेजारी सगळ्या घराची नावं, मुलगा, सून, नात, आणि नावांसमोर नातं. नाना खाटेवर बसले होते, दाढी वाढलेली. मला ओळखलं. ओळखलं म्हणून स्वतःच खूश झाले. ‘‘बघ, वळकली मी हिला,’’ असं बायकोला म्हणाले.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसले असते तर सांगता आलं नसतं.

नाना ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘‘परत सांग.’’

परत सांगितलं.

‘‘कंचा पर्याय ठेवलास?’’

‘‘दुसरा. मॅकच्या सेटिंगप्रमाणे.’’

‘‘दुसरा,’’ ते म्हणाले. ‘‘बराबर. दुसऱ्यावरच व्हता.’’ बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला. ते उठून उभे राहिले. ‘‘अगं ए! ऐकलंस का? मी नाय इसरलो! ह्या पोरीनं बदललं! माजं डोकं शाबूत हाय!’’ हसायला लागले. मोठ्याने, गुडघ्यावर हात मारून. मी मार खायच्या तयारीने गेले होते. मला ते हसणं बघवेना.

हसता हसता त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. बाराला पाच कमी होते. बालवाडी बाराला सुटायची. सून नातीला आणायला पायात चपला घालत होती. नाना म्हणाले, ‘‘तू ऱ्हा. मी जातो,’’ आणि तिला काही बोलू न देता, बंडीवरच, निघाले. सून भांबावून आत गेली.

मी आणि नानांची बायको राहिलो. ती दारातच उभी होती.

‘‘कशाला केलंस?’’ तिने विचारलं.

‘‘मला त्यांचा हेवा वाटायचा, काकी.’’

‘‘ह्यांचा?’’ तिला ते समजेचना. ‘‘तू शिकलेली, नोकरीवाली. ह्या मानसाचा?’’ मग ती म्हणाली, ‘‘रोज सकाळी उठून मना म्हनायचा, माजी परीक्षा घे. मंग मी इचारायची, तुमच्या पोराचं नाव काय, नातीचं काय, माजं काय. सांगितलं की रडायचा. दहा म्हयने. रोज.’’

ती रस्त्याकडे बघत उभी राहिली. बालवाडी पाच मिनिटांवर. सव्वाबारा झाले. साडेबारा झाले. बाकीची पोरं घरी गेलेली दिसली. ती एक पायरी उतरली, मग दुसरी. ‘‘किती वाजले?’’ तिने मला विचारलं. मी सांगितलं. तिने सुनेला हाक मारली आणि मग म्हणाली, नको, थांब. मला तिच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती. माझ्याही मनात तोच विचार होता, तिच्या मनातला. की मी काहीही सांगितलं असलं, तरी खरंच त्यांचं काही...

पावणेएकला ते दिसले. नातीचं दप्तर त्यांच्या खांद्यावर, हातात अर्धी बर्फाची कांडी, अर्धी तिच्या हातात. ती भांडत होती की घर इकडून जवळ होतं, आजोबा उगाच खाडीकडून फिरवून आणतो. नाना सांगत होते, ‘‘तुला वाट दाखवली. सगल्या वाटा म्हाईत पायजेत.’’

काकीने डोळे पुसले नाहीत, तशीच आत गेली. आतून ताटं मांडल्याचा आवाज आला, भाताची वाफ बाहेर आली. नाना ओट्यावर आले. कांडीचे ओले हात ओट्यावरच्या पंच्याला पुसले. माझ्याकडे पाहिलं. आता चेहऱ्यावर हसू नव्हतं, रागही नव्हता. हिशेब करून उत्तर आल्यावर माणूस दिसतो तसा.

‘‘बाय,’’ ते म्हणाले, ‘‘आता तू जा. आमची जेवायची येल झाली.’’

त्या गावात जेवणाच्या वेळी दारात आलेल्या विक्रेत्यालाही कुणी उपाशी धाडत नाही.

नाना पुन्हा ऑफिसात आले नाहीत. मॅडम स्वतः जाऊन आल्या, तरी आले नाहीत. नातीला शाळेत सोडतात, आणतात, एवढं ऐकलं.

त्या दुपारी मी पायऱ्या उतरले. रिक्षा मिळेपर्यंत बरंच चालायचं होतं, ऊन डोक्यावर. मागे घरातून नातीचा आवाज येत होता. आजोबांच्याच ताटात जेवायचा हट्ट चालला होता. नाना म्हणाले, ‘‘ये, बस, जरा डोंगराकडं सरक,’’ आणि तिने न विचारता सरकून जागा केली असावी, कारण पुढे भांडणाचा आवाज आला नाही. त्या पाच वर्षांच्या पोरीचा मला इतका हेवा वाटला, की मी रस्त्यात थांबले.